धाकटा डेप्युटेशनवर जातो

डेप्युटेशनवर गेलेला माणूस मूळ कार्यालयाने बोलावला की परत येतो. यात वेगळं लिहिण्यासारखं काही नसतं. मी आस्थापना शाखेत हेडक्लार्क होतो. माणसं इकडून तिकडे पाठवायची आणि तिकडून इकडे आणायची, एवढंच काम मी नोकरीभर केलं. मूळ कार्यालयाचा हक्क हा हवेसारखा असतो, तो आदेशात नमूद करावा लागत नाही. या एका समजुतीपायी माझा एकोणीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड समोरच्या दारातल्या दंतवैद्यांकडे अडकून पडला, आणि पुढे माझ्यावर जी वेळ आली ती वैऱ्यावरही येऊ नये.

आधी हे सांगतो की हा फॉरवर्ड हाडामांसाचा नाही. फुटबॉलचा एक असा खेळ निघाला आहे की ज्यात आपला पाय हलवायचा नसतो. मोबाइलमध्ये आपला एक क्लब असतो आणि आपण त्याचे व्यवस्थापक. कोणाला घ्यायचं, कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवायचं हे आपण ठरवायचं. सामना यंत्रच खेळतं. हिरव्या पडद्यावर रंगीत ठिपके पळतात आणि आपण खुर्चीचे हात घट्ट धरून बघत बसतो. म्हणजे सगळी जबाबदारी आपली आणि हातात काही नाही. मला ते पहिल्या दिवसापासून नोकरीसारखंच वाटलं आणि जमलं.

हे वेड मुलीने लावलं. तिच्या कंपनीने तिला ‘थोड्या दिवसांसाठी’ दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं, आणि ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत. सुरुवातीला रविवारी संध्याकाळी फोन यायचा तेव्हा आमचं संभाषण असं व्हायचं.

“जेवलीस?”

“जेवले. तुम्ही?”

“जेवलो.”

“बरं.”

“बरं. आईला देतो.”

आई आणि मुलगी कुठल्याही विषयाशिवाय तासभर बोलू शकतात. बाप आणि मुलीला विषय लागतो. तो मुलीने काढला. तिच्या मित्रमंडळींचा या खेळात एक गट होता, त्यात तिने मला एक क्लब घेऊन दिला. समोरच्या दंतवैद्यांनाही मीच ओढलं, कारण शेजारी कोणी असलं की धीर येतो. तेव्हापासून रविवारचा फोन संपेना झाला. बचाव कुठे फाटला, कोण दमला, कोणाला बदलायला हवं होतं. मध्येच ती सांगून जायची की ऑफिसात कंटाळा येतोय, किंवा घरमालकीण कुरकुरते. मध्येच मीही सांगून जायचो की हल्ली जिना चढताना धाप लागते. ठिपके पळत असले की असल्या गोष्टी सहज बोलता येतात.

गटाचा नियम मात्र एक होता. हंगामाच्या शेवटी जो तळाला राहील तो खालच्या गटात जाणार. खालच्या गटात सगळे अनोळखी लोक, आणि त्यांचे सामने रविवारी नसतात. तेव्हा माझी काळजी चषकाची नव्हती. शेवटून दुसरा आलो असतो तरी मी देवापुढे साखर ठेवली असती.

तर या हंगामात माझ्याकडे पुढच्या फळीत दोन अनुभवी खेळाडू होते, आणि बाकावर हा धाकटा. धाकटा हे नाव मीच ठेवलं. पडद्यावरच्या चित्रात त्याचे कान जरा पुढे आहेत आणि चेहऱ्यावर नुकतंच कोणीतरी रागावल्याचा भाव आहे. एके दिवशी त्याच्या चित्राखाली सूचना आली, ‘खेळाडू नाराज आहे.’ मी ती सूचना बायकोला दाखवली.

“मग नाराज होणार नाही तर काय,” ती म्हणाली. “पोराला नुसतं बाकावर बसवून ठेवलंय. अहो, खेळवा तरी, नाहीतर जिथे खेळायला मिळेल तिथे पाठवा तरी.”

बायकोला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मुलीने फोनवर नेमकं हेच सांगितलं. “लोनवर द्या ना त्याला, बाबा. हंगामभर दुसऱ्या क्लबात खेळेल, शिकेल, तयार होईल. खेळाडू तुमचाच राहतो. हंगाम संपला की परत येतो.”

“म्हणजे डेप्युटेशन.”

“साधारण तसंच,” ती म्हणाली. या ‘साधारण’ शब्दाकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

डॉक्टरांकडे फॉरवर्ड नव्हताच. त्यांचा जो होता तो मोकळा गोल समोर असताना चेंडू प्रेक्षकांत मारायचा. मी धाकट्याचं नाव काढताच ते हातमोजे न काढता जिन्यात आले. “काका, पोटच्या पोरासारखा सांभाळीन,” असं म्हणाले. माणूस लाघवी. तोंडात हत्यार घालणाऱ्या माणसाला लाघवी राहावंच लागतं.

आता अर्ज भरायचा होता. इथे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. कीर्तनाहून आलेल्या माणसाने त्या संध्याकाळी कुठलाही अर्ज भरू नये. त्या दिवशी बुवांनी आख्यान लावलं होतं दातृत्वाचं. गळा असा लागला होता की झांजा थांबल्या तरी सभामंडप घुमत होता. मी घरी आलो तो आपपरभाव गळून पडलेल्या अवस्थेत. बायकोने पाणी दिलं तर मी तिला नमस्कार केला. त्या अवस्थेत मी मोबाइल उघडला.

अर्जात चौकोन होते. पगार कोण देणार? मी म्हटलं, आपलं पोर दुसऱ्याच्या दारी जाणार, त्याचा भार दुसऱ्यावर कशाला. खूण आपल्या नावापुढे. त्याला खेळवलंच पाहिजे अशी अट घालायची का? म्हणजे काय, त्यासाठीच तर पाठवतोय. तंदुरुस्त असेल तर प्रत्येक सामन्यात, सुरुवातीपासून. खूण. मूळ क्लबाविरुद्ध खेळण्याची मुभा द्यायची का? इथे मला गहिवरून आलं. ज्याला आपण दिला, त्याला ‘याला माझ्यासमोर मात्र उभा करू नकोस’ म्हणायचं हा कसला कद्रूपणा. खूण. आणि शेवटी, हंगामाच्या मध्यात परत बोलावण्याचा हक्क राखून ठेवायचा का? हा चौकोन मी कोरा सोडला. उदारपणे नाही, कर्तव्य म्हणून. आस्थापनेच्या नियमांत जे गृहीतच आहे ते पुन्हा लिहिणाऱ्या कारकुनाला आमचे साहेब उभं राहायला लावत.

धाकटा गेला, आणि गेल्या गेल्या गोल करू लागला. पहिल्या गोलाला मी डॉक्टरांच्या दारावर टकटक करून त्यांचं अभिनंदन केलं. नंतर मात्र माझ्या क्लबात काय बिनसलं कोण जाणे. दोघा अनुभवी फॉरवर्डांपैकी एकाचा घोटा मुरगळला. दुसऱ्याच्या चित्रावर लाल क्रॉस आला आणि खाली ‘मांडीचा स्नायू, उर्वरित हंगाम’ अशी टीप. मी एका बचावपटूला पुढे उभं केलं. तो सवयीने मागे मागे येत राहिला. आम्ही हरू लागलो. हरता हरता तक्त्यात खाली आलो, आणि एका रविवारी पाहतो तर माझ्या खाली एकच क्लब उरलेला. डॉक्टरांचा. धाकटा जेवढे गोल करी, तेवढे त्यांचा बचाव खाई.

“बोलावतो आता धाकट्याला,” मी फोनवर म्हटलं.

“बोलवा.”

“बटण दाबलं जात नाहीये. राखाडी दिसतंय.”

मग मुलगी जपून म्हणाली, “बाबा, परत बोलावण्याच्या चौकोनात खूण केली होती ना?”

“त्यात खूण काय करायची? ते गृहीत असतं.”

“कोणी गृहीत धरलंय?”

“नियमाने. मूळ आस्थापनेचा हक्क अबाधित असतो.”

“अहो बाबा, हा मोबाइल आहे. तो काहीच गृहीत धरत नाही. सांगितलं तेवढंच त्याला कळतं.”

मी काही कमी घाटाचं पाणी प्यायलेलो नाही. दुसऱ्याच दिवशी मी खेळवाल्या कंपनीच्या मदत केंद्राकडे रीतसर अर्ज केला. विषय: डेप्युटेशनवरील खेळाडू मूळ ठिकाणी तात्काळ परत मिळणेबाबत. खाली मुद्देसूद परिच्छेद, शेवटी ‘सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’. पाठवायला बोट टेकतो न टेकतो तोच उत्तर. नोकरीभर कोणत्याच कार्यालयातून मला इतक्या झटपट उत्तर आलेलं नव्हतं. त्यामुळे ऊर भरून आला. उत्तरात लिहिलं होतं की आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात, आणि बूट बदलल्याने खेळाडूचा वेग वाढतो. खाली प्रश्न होता, ‘या उत्तराचा उपयोग झाला का?’ मी ‘नाही’ दाबून कारणं लिहिली. त्यावर पुन्हा तेच उत्तर, बुटांसकट.

जिन्यात इमारतीचे सेक्रेटरी भेटले, त्यांना हकिगत सांगितली. यांचा सल्ला न विचारता मिळतो, आणि विचारला तर दुप्पट मिळतो.

“साहेब, लेखी अट नाही?”

“नाही.”

“ताबा कोणाकडे?”

“डॉक्टरांकडे.”

“खर्च कोण करतंय?”

“मीच.”

सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. “म्हणजे पोर त्यांच्याकडे आणि पोसताय तुम्ही. साहेब, मी पार्किंगची जागासुद्धा लेखी घेतल्याशिवाय कोणाला वापरू देत नाही. तुम्ही नोटीस काढा. मी फलकावर लावतो.”

नोटीस मी काढली नाही, पण बोलणं जिन्यातून खाली उतरलं. संध्याकाळी तळमजल्यावरच्या शिंपीणबाई बायकोचा ब्लाउज द्यायला आल्या आणि दारातच हळू आवाजात म्हणाल्या, “वहिनी, तुम्हाला धाकटा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आणि डॉक्टर त्याला सोडत नाहीत म्हणे?”

बायकोने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी लिहीत नाही.

या सगळ्या काळजीने मला रात्री दात खायची सवय लागली आणि दाढ ठणकू लागली. एका दगडात दोन पक्षी मारावे म्हणून मी दाढेचं निमित्त करून डॉक्टरांकडे गेलो, तर दाढ खरोखरच किडलेली निघाली. डॉक्टरांच्या खोलीत ती मागे झुकणारी खुर्ची, तोंडावर दिवा, बाजूला गुळण्या करायची वाटी. त्या खुर्चीत माणसाच्या प्रतिष्ठेला टेकायला जागाच नसते. पाय वर, डोकं खाली, आणि गळ्याशी बाळाला बांधतात तसा कागदी रुमाल.

“काका, आ करा.”

मी आ केला. त्यांनी कापसाचे बोळे कोंबले. मी म्हणालो, “धाकट्याला परत द्या.” बाहेर आलं ते, “हाहह्हाला हलह ह्हा.”

“धाकट्याबद्दल ना? कळलं,” डॉक्टर म्हणाले. ही भाषा त्यांना येते. “काका, तुम्ही दात खाताय. कोणावर?”

मी डोळ्यांनी उत्तर दिलं.

“खरं सांगू का, मी स्वतःहून ठरवलं होतं. शेवटचा सामना आपल्या दोघांत आहे. मी धाकट्याला त्या दिवशी बाकावर बसवणार होतो. शेजारधर्म आहे शेवटी. पण अर्जात तुम्हीच लिहिलंय, प्रत्येक सामन्यात खेळवायचं, तेही सुरुवातीपासून. नाही खेळवला तर करारभंग. पुढच्या हंगामात मला कोणाकडूनच खेळाडू उसना घेता येणार नाही. जीभ बाजूला घ्या.”

मी जीभ बाजूला घेतली आणि हाताने दोन तुकडे करून दाखवले. म्हणजे, करारच मोडा.

“तो दोघांच्या संमतीनेच मोडतो. माझ्यापुरतं बोलाल तर मी आत्ता मोडीन,” डॉक्टर म्हणाले, आणि यंत्र सुरू केलं. त्या किर्र आवाजात त्यांचं उरलेलं बोलणं मी छताकडे बघत ऐकलं. “पण या गटात मी माझ्या मेहुण्यालाही आणलंय, काका. मी तळाला गेलो तर तो मला सासरी पानावर बसू देणार नाही. तुम्ही मोठे आहात, तुम्ही समजून घ्याल. दुखतंय का?”

मी नाही म्हणून मान हलवली. दुखत होतं ते दाढेत नव्हतं. धाकट्याला मुभा मी दिली, अट मी घातली, पगार मी देत होतो, आणि तोच पोरगा मला खालच्या गटात ढकलायला येणार होता. नियमाबाहेर एक अक्षर झालं नव्हतं. एवढी निर्दोष फाइल मी नोकरीतसुद्धा तयार केली नसेल.

सामन्याचा रविवार उजाडला. हिशेब सरळ होता. मी डॉक्टरांच्या किंचित वर होतो, म्हणजे बरोबरी झाली तरी मी वाचत होतो. हरलो तर तळाला. कीर्तनात बुवा पूर्वरंगात कितीही कोड्यात टाकोत, उत्तररंगात सोडवतात, या भरवशावर मी सकाळपासून काही खाल्लं नाही. बायको म्हणाली, “दाढेमुळे खात नाहीत,” आणि मी ते तसंच राहू दिलं.

डॉक्टर आपला मोबाइल घेऊन आमच्याकडेच आले, एकट्याने बघवत नव्हतं म्हणून. सेक्रेटरी साक्षीदार म्हणून आले. मुलीला टेबलावर फुलदाणीला टेकवून ठेवलं होतं, म्हणजे फोन. ठिपके पळू लागले.

माझा तो बचावपटू आज कोण जाणे कसा, खरंच पुढे राहिला. गोलकीपर तर जीव टाकत होता. मध्यंतराला शून्य-शून्य. नंतरही शून्य-शून्य. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, न बघितल्यासारखं करत बघत होती. मुलगी म्हणाली, “बाबा, श्वास घ्या.” मी तो केव्हाचा धरून ठेवला होता.

अगदी शेवटाला डॉक्टरांच्या एका ठिपक्याने चेंडू उंच टाकला. धाकटा माझ्या दोन बचावपटूंच्या मधून निघाला. हा आधी असा पळत नसे. आधी तो चेंडूच्या मागे धावायचा, आता चेंडू जिथे येणार तिथे आधीच पोहोचला होता. गोलकीपर पुढे आला. धाकट्याने घाई केली नाही. एक क्षण थांबला, गोलकीपरला बसू दिलं, आणि चेंडू बाजूने अलगद जाळ्यात सरकवला.

“शिकला की पोरगा,” असं मी म्हणालो आणि उठून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणारा खोलीत मी एकटाच होतो. डॉक्टर मान खाली घालून बसले होते. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “साहेब, गोल तुमच्यावर झालाय.”

तेव्हा मला कळलं. मी खाली बसलो. शिट्टी वाजली. पडद्यावर माझ्या क्लबाचं नाव तक्त्यात घसरत घसरत तळाला गेलं आणि तिथे एक लहानसा खाली तोंड केलेला बाण उगवला. डॉक्टर “काका, मी...” म्हणाले आणि मोबाइल खिशात घालून उठले. सेक्रेटरी त्यांना हाताला धरून घेऊन गेले. जाताना त्यांनी दार इतकं हळू लावलं की मला भीती वाटली.

फुलदाणीला टेकलेल्या फोनमध्ये मुलगी होती.

“जेवलीस?” मी विचारलं.

“बाबा.”

“म्हटलं आता रविवारी हेच विचारायचं, तर सवय असावी.”

ती खाली बघून काहीतरी दाबत होती. मग म्हणाली, “खालच्या गटात एक क्लब रिकामा पडलाय. तिथला व्यवस्थापक सोडून गेला. मी घेतला.”

“अगं, तू तक्त्यात दुसरी आहेस.”

“होते.”

“स्वतःहून पदावनती मागणारा कर्मचारी मी आयुष्यात पाहिलेला नाही.”

“पदावनती नाही, बाबा. विनंती बदली.”

“विनंती बदलीला प्रवासभत्ता मिळत नाही,” मी म्हटलं. आवाज जरा दाढेतून आला.

“नको मला. पण एक अडचण आहे. या क्लबात फॉरवर्डच नाही. हंगाम संपलाय म्हणजे धाकटा तुमच्याकडे परत आला असेल. तुमचे ते दोघे म्हातारे फॉरवर्डही बरे होतील आता. त्याला माझ्याकडे पाठवता?”

बघितलं तर धाकटा खरंच परत आला होता. तेच कान, तोच चेहरा, आणि चित्राखाली सूचना, ‘खालच्या गटात खेळावं लागणार म्हणून खेळाडू नाराज आहे.’ मी अर्ज उघडला. या वेळी कीर्तन नव्हतं. पगार निम्मा-निम्मा. माझ्याविरुद्ध खेळायचं नाही. खेळवायची अट मी काढून टाकली, कारण पोरीवर तेवढा विश्वास आहे. शेवटच्या चौकोनापाशी बोट थांबलं.

“परत बोलावण्याचा हक्क,” मी म्हटलं. “तुझ्याकडूनच घ्यायचाय, तर कशाला. ते गृ—”

“करा खूण,” मुलगी म्हणाली.

“तू काय त्याला अडवून ठेवणारेस का?”

“नाही. पण परत यावंसं वाटत असलं तर सांगावं लागतं, बाबा. गृहीत धरून माणूस बसला की पलीकडच्याला वाटतं, कोणी वाट बघत नाहीये.”

आता ती धाकट्याविषयीच बोलत होती असं मी समजू शकलो असतो. हेडक्लार्कला सोयीचं तेवढंच वाचायची सवय असते. मी चौकोनात खूण केली. चष्मा काढून पुसला आणि खूण नीट उमटली का ते पुन्हा पाहिलं. मग घसा खाकरला.

“तू घरी कधी येतेस?”

फोनमधला तिचा चेहरा हलेना. मला वाटलं रेंज गेली.

“तुम्ही हे कधी विचारलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“आता विचारतोय. लेखी हवं असेल तर तसंही देतो.”

“तोंडी चालेल,” ती म्हणाली, आणि नाक पुसलं. “शनिवारी येते. दोन दिवसांची रजा टाकते.”

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. “अहो, कोण येतंय शनिवारी?”

“आपली पोरगी,” मी म्हटलं. “मूळ ठिकाणी रुजू होतेय.”